जाफना विद्यापीठाचे मैदान, ऑक्टोबर १९८७: तीन दले, एक मोहीम आणि हुकुमाचा प्रश्न

११ ऑक्टोबर १९८७ ची रात्र. मध्यरात्र उलटल्यावर श्रीलंकेतल्या पलालीच्या धावपट्टीवरून भारतीय हवाई दलाची एमआय-८ हेलिकॉप्टरे दिवे मालवून दक्षिणेकडे निघाली. आत १० पॅरा कमांडोचे जवान होते. जाफना विद्यापीठाचे फुटबॉल मैदान तिथून हवाई मार्गाने काही मिनिटांवर. त्या परिसरात एलटीटीईचे, म्हणजे वेगळ्या तामिळ राष्ट्रासाठी लढणाऱ्या सशस्त्र संघटनेचे, मोठे नेते, खुद्द तिचा प्रमुख प्रभाकरन याच्यासह, जमणार असल्याची खबर होती. बेत असा होता: कमांडोंनी आधी उतरून मैदान राखायचे, त्यांच्यामागून १३ शीख लाइट इन्फंट्रीचे सुमारे ३६० जवान फेऱ्याफेऱ्यांनी उतरवायचे आणि जमिनीवरून येणाऱ्या ७२ ब्रिगेडच्या तुकड्यांनी त्यांना येऊन मिळायचे.

प्रत्यक्षात शीख लाइट इन्फंट्रीची एकच प्लाटून, म्हणजे ३० माणसे, खाली उतरू शकली. त्यांतली २९ तिथेच धारातीर्थी पडली आणि एक शत्रूच्या हाती लागला. कमांडोंचे सहा जण गेले. प्रभाकरन सापडला नाही.

भारताच्या सेनादलांनी देशाबाहेर एकत्र येऊन केलेल्या कामगिऱ्यांमध्ये या रात्रीइतका शिकवणारा प्रसंग मला दुसरा दिसत नाही. इथे शौर्य कमी पडले नाही. वैमानिकांनी गोळीबारात हेलिकॉप्टरे उतरवली, जवान शेवटच्या गोळीपर्यंत लढले. कमी पडले ते या सगळ्यांना एका सूत्रात बांधणारे काहीतरी. ते नेमके काय होते, हे शोधायचे तर थोडे मागे जावे लागते.

शांतिसेना ते युद्ध, दोन महिन्यांत

२९ जुलै १९८७ रोजी कोलंबोत राजीव गांधी आणि श्रीलंकेचे अध्यक्ष जयवर्धने यांनी करारावर सह्या केल्या आणि लगोलग भारतीय फौजा जाफन्यात उतरू लागल्या. पहिली गेली ती ५४ इन्फंट्री डिव्हिजन, मेजर जनरल हरकीरत सिंग यांच्या हाताखाली. काम शांतिसेनेचे होते: तामिळ संघटनांची शस्त्रे जमा करून घ्यायची, श्रीलंकेच्या सैन्याला बराकीत ठेवायचे, युद्धबंदी टिकवायची. लोकांनी हार घालून स्वागत केले. डिव्हिजन गेली ती पूर्ण युद्धसज्ज होऊन नव्हे, कारण लढायचे आहे असे कोणी तिला सांगितलेच नव्हते.

ऑक्टोबरच्या सुरुवातीला श्रीलंकेच्या नौदलाने एलटीटीईचे १७ लोक समुद्रात पकडले. त्यांना कोलंबोला नेण्याचा आग्रह झाला, तेव्हा ५ ऑक्टोबरला पलालीत त्यांनी सायनाइड घेतले. पुलेंद्रन आणि कुमारप्पा या संघटनेच्या म्होरक्यांसह बारा जण मेले. त्यानंतर जे पेटले ते विझवता आले नाही. चार-पाच दिवसांत शांतिसेनेला एलटीटीईविरुद्ध चढाईचा हुकूम मिळाला. त्या चढाईचे नाव ऑपरेशन पवन.

ही तारखांची घाई लक्षात ठेवावी लागते. दिल्लीत जाफना हा काही दिवसांचा प्रश्न मानला जात होता. हाताशी असलेल्या सैन्याला शहराच्या गल्ल्यांचे धड नकाशे मिळालेले नव्हते. जवानांच्या हाती एकेक गोळी झाडणारी एसएलआर रायफल होती, समोरच्याकडे सलग गोळ्या झाडणारी एके-४७. तोफखाना आणि हवाई मारा शहरात वापरायचा नाही, हे राजकीय बंधन होते आणि नागरी वस्तीचा विचार करता ते योग्यच होते. पण बंधन घातले की त्याला धरून योजना बदलावी लागते. तिथे हवाई दलाकडे त्या वेळी होती ती चिलखत नसलेली वाहतुकीची एमआय-८. हल्ला करू शकणारी एमआय-२५ हेलिकॉप्टरे श्रीलंकेत लढायला आली ती ऑक्टोबर संपता संपता, जाफना शहर हातात आल्यावर.

मैदानावर

छाप्याचे सारे यश दोन गोष्टींवर उभे होते: गुप्तता आणि वेग. गुप्तता आधीच फुटली होती. एलटीटीईने भारतीय बाजूचे रेडिओ संदेश ऐकले आणि मैदानाभोवतीच्या इमारतींत मशीनगन लावून ते वाट पाहत बसले. ज्या संघटनेला काही वर्षांपूर्वी भारतानेच प्रशिक्षण दिले होते तिला आपले संदेश ऐकता येणार नाहीत असे गृहीत धरले गेले, हे मला आजही समजत नाही.

राहिला वेग. मैदानावर एका वेळी दोनच हेलिकॉप्टरे उतरू शकत होती आणि एका एमआय-८ मध्ये सगळ्या सामानासह वीसेक माणसे. साडेचारशेहून अधिक लोक उतरवायचे तर फेऱ्यांवर फेऱ्या हव्यात, त्याही अंधारात, रात्री दिसण्याच्या चष्म्यांशिवाय. पहिल्या फेरीतल्या कमांडोंनी जमिनीवर दिवे लावून मागून येणाऱ्यांना जागा दाखवायची होती. उतरताक्षणी त्यांच्यावर गोळीबार सुरू झाला. दिवे लावायचे की लढायचे? ते लढले. मागची हेलिकॉप्टरे मैदान न सापडता परत फिरली, पुन्हा गेली, गोळ्यांनी चाळण होऊन आली. काही फेऱ्यांनंतर ती इतकी निकामी झाली की पुढची उड्डाणे थांबवावी लागली.

इथे क्षणभर थांबायला हवे, कारण या प्रकरणाचे मर्म मला इथेच दिसते.

उड्डाणे थांबवण्याचा निर्णय हवाई दलाच्या बाजूने बरोबर होता. आणखी एखादे हेलिकॉप्टर भरल्या माणसांसह कोसळले असते तर जीवितहानी कितीतरी वाढली असती. पण त्या एका निर्णयाने खाली उतरलेल्या लोकांची मोहीमच बदलून गेली. तोवर ती प्लाटून म्हणजे येऊ घातलेल्या पलटणीचे पहिले पाऊल होते, आता ती एकटी पडली होती. हे तिला कळायला हवे होते, म्हणजे तिला कमांडोंबरोबर निघून जाता आले असते किंवा बाहेर पडण्याची वाट शोधता आली असती. कळले नाही. प्लाटूनचा रेडिओ संपर्क तुटलेला होता. कमांडो आपल्या मूळ कामासाठी, प्रभाकरनच्या शोधात, कोक्कुविलच्या दिशेने निघून गेले. प्लाटून मात्र उरलेली पलटण येणार म्हणून मैदान धरून बसली. आलेल्या हुकुमाचे तिने प्रामाणिकपणे पालन केले. दुसऱ्या दिवशी दारूगोळा संपला आणि त्यानंतर ती संपली. नंतर सुटून आलेल्या त्या एका जवानामुळेच शेवटच्या तासांची हकिगत कळली.

एकाच लष्कराच्या या दोन तुकड्या. त्या आधी कधी एकत्र सराव करून गेलेल्या नव्हत्या. शीख लाइट इन्फंट्रीची पलटण तर नुकतीच भारतातून येऊन दाखल झाली होती, तिला जाफन्याची माती पाहायलाही उसंत मिळाली नाही. ‘संयुक्त’ म्हटले की आपण लष्कर, नौदल आणि हवाई दल असे तीन रंग डोळ्यांसमोर आणतो. त्या रात्री पहिली फट लष्कराच्या आतच होती.

जमिनीवरून येणाऱ्या तुकड्यांना विद्यापीठ गाठायला अपेक्षेपेक्षा खूप जास्त वेळ लागला, कारण रस्ते सुरुंगांनी भरलेले होते. वेढ्यात सापडलेल्या कमांडोंना शेवटी टी-७२ रणगाड्यांनी सोडवले. त्यांनी सुरुंग पेरलेले रस्ते टाळून रेल्वेच्या रुळांवरून वाट काढली. ती कल्पना जागेवरच्या अधिकाऱ्यांची होती, योजनेतली नव्हे.

पुणे, तिरुवनंतपुरम, विशाखापट्टणम

आता कागदावरची रचना पाहू. शांतिसेनेचे सर्वोच्च सेनापती होते लेफ्टनंट जनरल दीपिंदर सिंग, पुण्याच्या दक्षिण कमांडचे प्रमुख. त्यांचे पुढचे मुख्यालय मद्रासला उभे राहिले. पदाचे नाव भारदस्त होते: ओव्हरऑल फोर्स कमांडर, म्हणजे एकूण सर्व फौजांचा सेनापती. श्रीलंकेच्या किनाऱ्याकडे बघणारे नौदल विशाखापट्टणमच्या पूर्व नौदल कमांडचे आणि हवाई दल तिरुवनंतपुरमच्या दक्षिण हवाई कमांडचे. या दोन्ही कमांडचे प्रमुख हुद्द्याने दीपिंदर सिंग यांच्या बरोबरीचे. त्यांची जहाजे आणि विमाने त्यांच्याच अखत्यारीत राहिली आणि मद्रासच्या मुख्यालयात समन्वयासाठी अधिकारी बसले. समन्वय अधिकारी निरोप पोहोचवू शकतो, विनंती करू शकतो. ‘हे कर’ असा हुकूम देऊ शकत नाही.

यात भर म्हणजे राजनैतिक बाजू. कोलंबोतले उच्चायुक्त जे. एन. दीक्षित यांचा शब्द दिल्लीत वजनदार होता. लष्करप्रमुख जनरल सुंदरजी थेट लक्ष घालत होते. गुप्तचर यंत्रणा आपापल्या खबरी आपापल्या वाटेने वर पाठवत होत्या. पलालीतल्या डिव्हिजन कमांडरला एकाच आठवड्यात इतक्या दिशांनी सूचना येत होत्या की त्यातली निर्णायक कोणती हे ठरवणे हेच एक काम होऊन बसले. हरकीरत सिंग यांनी पुढे लिहिलेल्या आठवणींत याबद्दल कडवट तक्रार आहे. तिच्यातली स्वतःच्या बचावाची बाजू वजा केली तरी मूळ मुद्दा खरा ठरतो.

अशा रचनेत विद्यापीठाच्या छाप्याचे मालक कोण होते? खबर गुप्तचरांची, बेत डिव्हिजनचा, हेलिकॉप्टरे हवाई दलाची, उतरणारे लोक दोन वेगळ्या पलटणींचे, सोडवायला जाणारी ब्रिगेड तिसरीच. प्रत्येकाने आपला तुकडा पार पाडला. पण ‘निम्मी माणसे उतरली आणि निम्मी उतरू शकली नाहीत तर काय?’ हा प्रश्न एका माणसाच्या डोक्यात, एका नकाशावर, आधीच सोडवलेला असायला हवा होता. तो तसा सोडवलेला असल्याची कुठलीही खूण त्या रात्रीत दिसत नाही.

जे उत्तम झाले

एका रात्रीवरून तिन्ही दलांचा निवाडा करणे अन्यायाचे होईल. हवाई दलाच्या नोंदीनुसार तीस महिन्यांत श्रीलंकेकडे आणि श्रीलंकेत मिळून सुमारे ७०,००० उड्डाणे झाली, आणि एकही विमान गमावले गेले नाही. जखमींना उचलून आणण्याचे काम हेलिकॉप्टरवाल्यांनी ज्या जिवावर उदार होऊन केले, त्याबद्दल पायदळाचे लोक आजही कृतज्ञतेने बोलतात. नौदलाने फौजा, रणगाडे आणि रसद वाहिली आणि पाल्कच्या सामुद्रधुनीवर पहारा ठेवला. त्याच ऑक्टोबरमध्ये नौदलाच्या तेव्हा अगदी नव्या कमांडो दलाने, ज्याची नाळ मुंबईच्या आयएनएस अभिमन्यू तळाशी आहे, जाफन्याच्या गुरुनगर धक्क्यावर पाण्यातून जाऊन एलटीटीईच्या बोटी आणि धक्का उडवला. लेफ्टनंट अरविंद सिंग यांना त्यासाठी महावीर चक्र मिळाले. तो छापा यशस्वी झाला, कारण आखणी, वाहतूक आणि हल्ला ही तिन्ही कामे एकाच दलाच्या, एकमेकांना ओळखणाऱ्या छोट्या चमूच्या हातात होती.

म्हणजे वाहतूक, रसद, पहारा यांसारख्या कामांत तिन्ही दले एकमेकांना चांगली पूरक होती. ही कामे आधी ठरवून, वेळापत्रकाने करता येतात. जिथे प्रत्यक्ष लढताना क्षणाक्षणाला एकमेकांवर अवलंबून राहायचे होते, तिथे जोड सुटला. संयुक्ततेच्या या दोन पातळ्या आपण नेहमी एकत्र मोजतो आणि त्यामुळे आपल्याला स्वतःबद्दल फसवे गुण मिळतात.

मालदीव: त्याच सैन्याचे वेगळे उत्तर

एका वर्षाने, ३ नोव्हेंबर १९८८ ला, मालदीवची राजधानी माले इथे श्रीलंकेतल्या एका तामिळ गटाच्या भाडोत्री बंदूकधाऱ्यांनी अध्यक्ष गयूम यांच्याविरुद्ध उठाव घडवला. गयूम यांनी मदत मागितली. त्याच रात्री आग्र्याहून अडीच हजार किलोमीटरहून अधिक अंतर कापून दोन आयएल-७६ वाहतूक विमाने मालेशेजारच्या हुलहुलेच्या धावपट्टीवर अंधारात उतरली. विमानांचे नेतृत्व ४४ स्क्वाड्रनचे प्रमुख ग्रुप कॅप्टन अनंत बेवूर यांच्याकडे होते, आत ब्रिगेडियर फारुख बलसारा आणि त्यांच्या ५० पॅराशूट ब्रिगेडचे जवान. पहाटेपर्यंत गयूम सुरक्षित होते.

आधीचे वर्ष आठवले की हे कसे जमले असा प्रश्न पडतो. मुख्य कारण मला साधे वाटते: विमाने आग्र्याची आणि पॅरा ब्रिगेडही आग्र्याची. वर्षानुवर्षे एकत्र सराव केलेले, एकमेकांचे आवाज ओळखणारे लोक. बेत एका खोलीत, एकाच दिवसात, सगळ्यांनी समोरासमोर बसून केला. सुट्टीवर दिल्लीत असलेले भारताचे उच्चायुक्त ए. के. बॅनर्जी त्या खोलीत होते. लष्कराने नकाशावर भलतेच विमानतळ धरले होते, ते त्यांनी लक्षात आणून दिले आणि मग त्यांनाच विमानात बसवून नेण्यात आले. वेगवेगळ्या खात्यांतून फिरणाऱ्या फायलीने ही चूक वेळेत पकडली असती का, याची मला शंका आहे.

पण मालदीवलाही समुद्राची बाजू मागे राहिली होती. हुलहुले आणि माले ही वेगवेगळी बेटे. जवानांना सापडतील त्या स्थानिक बोटी घेऊन पलीकडे जावे लागले. उठावकर्ते ‘प्रोग्रेस लाइट’ हे मालवाहू जहाज पळवून, ओलिसांसह निसटले, तेव्हा त्यांना अडवायला जवळ एकही भारतीय युद्धनौका नव्हती. मग नौदलाच्या टेहळणी विमानांनी त्यांचा माग ठेवला, आयएनएस गोदावरी आणि आयएनएस बेटवा यांनी पाठलाग केला आणि ६ नोव्हेंबरला श्रीलंकेच्या दिशेने जाणारे ते जहाज शरण आणले. त्यात काही ओलिसांचे प्राण गेले. नौदलप्रमुख त्या वेळी ॲडमिरल जयंत नाडकर्णी होते. नौदलाची ती कामगिरी देखणी होती, पण ती करावी लागली हेच सांगते की पहिल्या चोवीस तासांच्या आखणीत हवाई आणि जमिनीवरची बाजू पुढे धावली आणि पाण्याची बाजू नंतर जोडली गेली.

जगभर कौतुक झाले आणि देशात समाधान पसरले. मला वाटते, या समाधानाने जाफन्याचा धडा झाकला. मालदीवला समोर होते ऐंशीच्या आसपास भाडोत्री लोक, आणि लोकांचा पाठिंबा आपल्या बाजूला होता. जाफन्यात समोर होती घराघरांत मुरलेली, प्रशिक्षित, मरायला तयार असलेली संघटना. पहिल्या प्रकारच्या मोहिमेला चांगले सहकार्य पुरते. दुसऱ्या प्रकारच्या मोहिमेला एकच सेनापती लागतो.

खडकवासल्याची मैत्री आणि तिची मर्यादा

संयुक्ततेचा विषय निघाला की आपल्याकडे राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीचे नाव अभिमानाने घेतले जाते, आणि ते घ्यायलाच हवे. तिन्ही दलांचे अधिकारी तीन वर्षे एकाच आवारात, एकाच स्क्वाड्रनमध्ये घडवणारी अशी संस्था भारताने फार लवकर उभी केली. कुठल्याही मोहिमेत पलीकडच्या दलातला बॅचमेट फोनवर असला की कितीतरी अडलेली कामे मार्गी लागतात, हे कोणताही निवृत्त अधिकारी सांगेल. पण मैत्रीच्या जोरावर हेलिकॉप्टर मागता येते. ते कधी थांबवायचे आणि थांबवल्यावर खालच्या माणसांचे काय करायचे, हे ठरवायला अधिकार लागतो आणि त्याबरोबर येणारी जबाबदारी घ्यावी लागते. १९८७ मध्ये मद्रास, तिरुवनंतपुरम आणि विशाखापट्टणमला बसलेल्यांमध्ये अनेक जण एकमेकांना तरुणपणापासून ओळखत असणार. त्या ओळखीने पदांमधली भिंत पाडली नाही.

ती पाडायला कायदा आणि रचना लागते, आणि त्याला आपण फार वेळ घेतला. शांतिसेना मार्च १९९० मध्ये परतली, सुमारे १,२०० जवान गमावून. त्यांत मुंबईत जन्मलेले, महार रेजिमेंटचे मेजर रामास्वामी परमेश्वरन होते, त्यांना मरणोत्तर परमवीर चक्र मिळाले. इतक्या किमतीनंतरही रचनेला हात लागला तो कारगिलनंतर: २००१ मध्ये एकात्मिक संरक्षण मुख्यालय आणि त्याच वर्षी पोर्ट ब्लेअरला अंदमान-निकोबार कमांड, तिन्ही दलांची पहिली संयुक्त कमांड. संरक्षण दल प्रमुख हे पद १ जानेवारी २०२० ला जनरल बिपिन रावत यांच्यापासून सुरू झाले. २०२३ च्या आंतर-सेवा संघटना कायद्याने संयुक्त संस्थेच्या प्रमुखाला दुसऱ्या दलातल्या हाताखालच्या लोकांवरही शिस्तीचे अधिकार दिले. वरवर रूक्ष वाटणारा हा कायदा मला या सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो. ज्याच्यावर कारवाई करता येत नाही त्याला हुकूम देता येत नाही, आणि १९८७ च्या सर्वोच्च सेनापतीची अडचण नेमकी हीच होती.

तिन्ही दलांच्या मिळून सतरा स्वतंत्र कमांड एकत्र करून थिएटर कमांड, म्हणजे एका भागातली तिन्ही दले एका सेनापतीखाली आणणारी रचना, उभारण्याची चर्चा मात्र वर्षानुवर्षे चालली आहे. हवाई दलाची हरकत अशी की मुळातच कमी असलेली लढाऊ विमाने भौगोलिक तुकड्यांत वाटली तर ती कुठेच पुरणार नाहीत. ही हरकत हलकी नाही. माझे मत असे की लढाऊ विमाने मध्यवर्ती ठेवण्याबद्दल वाद होऊ शकतो, पण सैन्य उतरवणारी हेलिकॉप्टरे, लँडिंग जहाजे, विशेष दले आणि त्यांचा रेडिओ संपर्क यांच्याबद्दल होऊ नये. देशाबाहेरच्या मोहिमेत हा संच सुरुवातीपासून एका सेनापतीच्या हाती असला पाहिजे. सरावांतही उतरवणे यशस्वी झाले की टाळ्या वाजवून न थांबता, तिसरी फेरी आलीच नाही असे गृहीत धरून उरलेला सराव खेळवला गेला पाहिजे.